विसावं कलम

पिवळ्या स्पंजचा तो माईक नाकासमोर आला, तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो रागाचा नव्हता. हा स्पंज कुणीतरी धुवायला हवा, असं तिला वाटलं. राग मागून आला, आणि आला तो चांगला दणकून.

मोर्चा चौकात येऊन थांबला होता. ऊन तापलं होतं, पुढच्या रांगेतल्यांचे घसे बसले होते, आणि सरकारी छापखान्यातली प्रूफरीडर आपल्या वडिलांच्या जागी युनियनचा बोर्ड धरून उभी होती. तिच्या नजरेतून साधा अनुस्वारही सुटत नसे, म्हणून छापखान्यात सगळे तिला 'भिंग' म्हणत. आणि भिंगच्या समोर उभा होता टोच्या.

टोच्याला कोण ओळखत नव्हतं? फोनवर 'टोचणी' नावाचा त्याचा कार्यक्रम चालायचा. मोर्चा सरकारच्या बाजूचा असो की विरोधातला, हा आपला तिथे हजर. गंभीर चेहरा, इस्त्रीचा शर्ट, मागे कॅमेरा घेतलेला एक अबोल मित्र, ज्याला सगळे मौनी म्हणत, आणि प्रश्न असा की ज्याला ना शेंडा ना बुडखा. "काका, नदी उलटी वळवणार आहेत म्हणे, तुमचा विरोध आहे ना?" भर गर्दीत 'मला माहीत नाही' म्हणायची माणसाला लाज वाटते. मग तो काहीतरी ठोकून देतो, आणि संध्याकाळी अख्खं शहर पोट धरून हसतं.

तीन आठवड्यांपूर्वी शहर हसलं होतं ते भिंगच्या बाबांना.

बाबांनी छापखान्यात मशीनवर पस्तीस वर्षं काढली होती. मोर्चात घोषणा द्यायच्या त्या त्यांनीच. आवाज असा की त्यांना सगळे 'भोंगा' म्हणायचे, आणि बाबाही ते नाव ऐटीत मिरवायचे. छापखाना बंद करायचं विधेयक ज्या दिवशी सभागृहात आलं, त्याच दिवशी पहिला मोर्चा निघाला, आणि टोच्याने त्यांना गाठलं. "काका, विसाव्या कलमाबद्दल काय म्हणाल?" बाबा हात उंचावून गरजले, "करणारच विरोध! जीव गेला तरी करणार!" संध्याकाळी पडद्यावर त्याखाली अक्षरं उमटली – 'विधेयकात कलमं फक्त एकोणीस आहेत.' मग खोटं खोटं हसणं वाजलं. बस्, अकरा सेकंदांचा तुकडा.

त्या अकरा सेकंदांनी बाबांचा आवाज नेला. केस कापायला गेले तर न्हावी विचारणार, "काय भोंगाकाका, विसावं कलम काय म्हणतं?" बसथांब्यावर अनोळखी पोरं हात उंचावून दाखवणार. बाबांनी मोर्चाला जाणं सोडलं. घरातही ते इतकं हळू बोलू लागले की आईला दोनदा "काय म्हणालात?" विचारावं लागे.

म्हणून आज बोर्ड भिंगच्या हातात होता.

"ताई, एकच मिनिट," टोच्या म्हणाला. "हातातल्या बोर्डावर काय लिहिलंय? न बघता सांगा."

"'आम्ही छापतो, म्हणून तुम्ही वाचता.' दोन ओळी, ठळक टाइप. शेवटी उद्गारचिन्ह होतं, ते मी काढायला लावलं. ओरडायला माणसं आहेत की."

टोच्याच्या भुवया वर गेल्या. असं उत्तर त्याला कधी मिळालं नव्हतं.

"वा! मग विधेयकही वाचलंच असेल…"

"तीन वेळा. त्याचं प्रूफ मीच तपासलंय."

"म्हणजे – तुम्हाला बंद करणाऱ्या कायद्याचं प्रूफ तुम्हीच तपासलंत?"

"हो. बेचाळीस चुका होत्या. सगळ्या दुरुस्त करून दिल्या." तिने मान ताठ केली. "आम्हाला बंद करायचं तर करू देत. पण आमच्याकडून कागद जाईल तो चोख जाईल."

मागून बायंडिंगवाल्या मावशी ओरडल्या, "वा गं पोरी!" आणि टाळ्या पडल्या. टोच्या पुढचा प्रश्न शोधत होता, तेवढ्यात तिने दोन बोटांनी तो पिवळा माईक त्याच्याच तोंडाकडे वळवला.

"तुम्ही वाचलंय विधेयक?"

"मी… म्हणजे… ठळक मुद्दे पाहिलेत."

"नववं कलम काय सांगतं?"

त्याने शर्टाची कॉलर सारखी केली. मौनीचा कॅमेरा हळूच त्याच्याकडे वळला. कुणीतरी फिसकन हसलं.

"'माहीत नाही' म्हणा," भिंग म्हणाली. "दोनच शब्द आहेत. कुणी मरत नाही त्यांनी."

आणि मग एक विचित्र गोष्ट झाली. टोच्या हसला. कार्यक्रमात हसायचा तसं ओठांच्या कोपऱ्यातलं बेरकी हसू नव्हे. अगदी मनापासून, डोळे बारीक करून, एका दातावर चढलेला दुसरा दात दाखवत.

"माहीत नाही, ताई."

"आणि ताई म्हणू नका. मी तुमची ताई नाही."

"तेही आत्ताच लक्षात आलं," तो हळूच म्हणाला… आणि भिंगने बोर्ड उगाचच जरा वर धरला, चेहऱ्यासमोर.

*

त्या दिवसाचा भाग त्याने कापाकापी न करता दाखवला. शहर हसलं, पण या वेळी त्याला. भिंगने तो तीनदा पाहिला. प्रूफ तीनदा पाहायची सवय होती तिला, दुसरं काही नाही, असं तिने स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी छापखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर तो विधेयकाची प्रत घेऊन उभा होता. डोळे लाल.

"सगळं वाचलं," तो म्हणाला. "अकराव्या कलमात चूक सापडली."

भिंगने कप टपरीच्या फळीवर आपटला. "शक्यच नाही."

"'तत्काळ' शब्द उगाच आहे. वाक्य त्याच्याशिवाय पण चालतंय."

"दाखवा." तिने प्रत हिसकावलीच. मग तिचा चेहरा निवळला. "ती चूक नाही. तो शब्द मी खोडला होता. खात्याच्या साहेबांचा फोन आला की हवाच आहे. मग मी त्याच्याखाली टिंबं दिली."

"टिंबं?"

तिने केसांत खोचलेलं लाल पेन काढलं. टपरीच्या कागदी रुमालावर एक शब्द लिहिला, त्यावर आडवी रेघ मारली, आणि शब्दाखाली एकेक करत बारीक टिंबं दिली. "खोडलेल्या शब्दाखाली अशी टिंबं दिली की मशीनवाला समजतो – खोडलं होतं ते चुकून, राहू द्या तसंच."

"म्हणजे रागाने खोडलेलंसुद्धा परत येतं?"

"शब्द येतो. माणसांचं माहीत नाही."

त्याने तो कागदी रुमाल नीट घडी घालून खिशात ठेवला. तिने पाहून न पाहिल्यासारखं केलं.

"मला ते 'ताई' परत घ्यायचंय," तो म्हणाला.

"छापून गेलेला मजकूर परत घेता येत नाही. त्याला शुद्धिपत्रक काढावं लागतं."

"ते कसं काढतात?"

"चूक कुठे झाली, कुणी केली, खरं काय होतं, तेवढं सांगायचं. आणि चूक ज्या आकारात छापली, त्याच आकारात. कोपऱ्यात बारीक अक्षरांत नाही."

टोच्याने खाकरून घसा साफ केला, आणि रस्त्यावरच्या समस्त जाणाऱ्या-येणाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काल चौकात एका मुलीला ताई म्हटलं गेलं! चूक माझी! ती माझी ताई नाही!"

दोन सायकलस्वार थबकले. पहारेकरीमामा फाटकातून वाकून पाहू लागले. भिंग चहा न संपवताच आत पळाली, आणि दुपारभर तिच्या टेबलावरच्या प्रुफात एकही चूक सापडेना. चौथ्या पानावर ढळढळीत होती, पण तिला ती दिसलीच नाही.

*

मग तो रोजच येऊ लागला. कधी मौनीला घेऊन, कधी एकटा. तिला तो 'लाल पेन' म्हणू लागला होता. तो नकला करायचा, मंत्र्यांच्या, मोर्चेकऱ्यांच्या, स्वतःच्या. ती हसायची, आणि हसून झालं की तिला काहीतरी टोचायचं. कारण हाच तो. ज्याच्यामुळे घरातला भोंगा बंद पडला होता, तो हाच.

तिने त्याला सांगितलं नव्हतं. आधी ठरवलं होतं की गोड बोलून याच्याकडून बाबांची माफी वदवून घ्यायची. मग ते आज सांगू, उद्या सांगू असं होत गेलं. आता भीती वाटू लागली होती – सांगितलं आणि याने हसण्यावारी नेलं तर? तर हा मनातून कायमचा उतरेल… आणि याला मनातून उतरवायचं नाही, हे तिला कधी कळलं, तेही कळलं नाही.

एकदा ती तातडीची प्रुफं घेऊन खात्याच्या कार्यालयात निघाली होती, टोच्या सोबत होता, आणि वाटेत पावसाची सर आली. आडोसा दूर. टोच्याने काही न बोलता तिच्या हातातला गठ्ठा घेतला, इस्त्रीच्या शर्टाच्या आत छातीशी धरला, आणि दोन्ही हातांनी कवटाळून पळत सुटला. पायरीवर पोचले तेव्हा तो नखशिखांत भिजला होता. प्रुफं कोरडी ठणठणीत.

"माईक भिजला तुमचा," ती म्हणाली. पिवळ्या स्पंजमधून पाणी गळत होतं.

"बरं झालं. कुणीतरी म्हणालं होतं, धुवायला हवा."

"मी कधी म्हणाले?"

"तोंडाने नाही म्हणालात. चेहऱ्यावर छापलं होतं. ठळक टाइपात."

त्या दिवशी घरी येताना ती गुणगुणत होती. बाबा खिडकीशी बसले होते. तिची चाहूल लागताच त्यांनी फोन पालथा ठेवला, पण तिला दिसलंच – तोच अकरा सेकंदांचा तुकडा. तिचं गुणगुणणं थांबलं.

"बाबा," तिने शेवटी विचारलं, जे इतके दिवस विचारायचं होतं. "विधेयक आधी माझ्या टेबलावर आलं होतं. कलमं एकोणीस आहेत हे मला माहीत होतं. मी घरी एक शब्द बोलले असते तर…"

"तर मला आवडलं नसतं," बाबा म्हणाले. आवाज हळू होता, पण त्यात जुनी धार होती. "टेबलावरचं टेबलावर ठेवायचं, हे मीच शिकवलंय तुला. माझं हसं झालं ते झालं. पण माझ्या पोरीच्या तोंडून छापखान्याचा कागद बाहेर फुटला, असं कुणी म्हणू शकत नाही. मिरवण्यासारखं तेवढं तरी आहे माझ्याकडे."

भिंगला रडू आलं. आईने भाजी चिरता चिरता सुरी बाजूला ठेवली आणि पदराने आपलेच डोळे पुसले.

*

दोनच दिवसांनी टोच्या टपरीवर आला तो उड्या मारतच.

"लाल पेन! मोठ्या वाहिनीकडून बोलावणं आलंय! रोज रात्री अर्धा तास, माझा स्वतःचा कार्यक्रम. तुम्हाला म्हणून पहिल्यांदा सांगतोय, अजून घरीसुद्धा सांगितलं नाही."

तिला आनंद झाला. खराखुरा झाला, हे तिने नंतर स्वतःशी कबूल केलं. "कशावरून बोलावलं?"

"विसावं कलम! ते काका आठवतात? तो तुकडा त्यांना फारच आवडला. म्हणाले, असंच रोज हवं."

तिने कप खाली ठेवला.

"मला तो पूर्ण दाखवा. कापायच्या आधीचा."

"कशाला? कंटाळवाणा आहे. चार मिनिटांचा आहे."

"मी कंटाळवाणंच वाचते दिवसभर. दाखवा."

त्याने डोकं खाजवलं, मौनीकडे पाहिलं. मौनीने मुकाट्याने आपला फोन पुढे केला.

पडद्यावर बाबा होते. उन्हात, घामाने निथळलेले, गळ्यात युनियनची पट्टी.

"काका, विसाव्या कलमाबद्दल काय म्हणाल?"

"पोरा, विधेयक अजून हातात आलं नाही. माहीत नाही."

"अहो, विसावं म्हणजे मुख्य कलम!"

"असेल. वाचल्याशिवाय कसं बोलू? वाचतो आणि सांगतो तुला."

मग टोच्याला उन्हाने ठसका लागला. बाबांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, झाकण उघडून त्याच्या हातात दिली. "आधी पाणी पी. ऊन बघ केवढं आहे." टोच्या घटाघटा प्यायला. तोंड पुसलं. आणि तिसऱ्यांदा विचारलं, "काका, त्या कलमात लिहिलंय की जुन्या कामगारांना फाटकाच्या आत पाऊल टाकू देणार नाहीत."

बाबांचा चेहरा उतरला. मग हात वर गेला. "तसं असेल तर करणारच विरोध! जीव गेला तरी करणार!"

भिंगने फोन मौनीला परत दिला.

"'तसं असेल तर,'" ती म्हणाली. "तीन शब्द. ते कुठे गेले?"

"ते… लांबत होतं म्हणून…"

"तीन शब्दांनी लांबत होतं?" तिचा आवाज चढला. "आमच्याकडे तीन शब्द गळाले तर माणसाची नोकरी जाते. तुमच्याकडे मिळते!"

"अहो, पण – ते कोण काका, कुठले –"

"ते माझे बाबा आहेत."

ती फाटकातून आत गेली, मागे वळून न पाहता, आणि पहारेकरीमामांनी फाटक जरा जास्तच जोरात लावून घेतलं.

*

आठ दिवस. त्याचे सतरा फोन आले, तिने एकही उचलला नाही. अठरावा आला नाही, तेव्हा मात्र तिला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

विधेयकावर मतदान व्हायचं होतं, त्या दिवशी शेवटचा मोर्चा होता. सकाळी युनियनचे अध्यक्ष घरी आले, बाबांच्या हाताला धरून विनवू लागले. "भोंग्या, तुझ्याशिवाय घोषणा मरगळल्यात. एकदा ये."

बाबांनी हात सोडवून घेतला. "माझ्या तोंडून घोषणा निघाली की लोक हसतील. मोर्चाचं हसं होईल. नको रे."

अध्यक्ष मान खाली घालून जिन्यापर्यंत गेले असतील नसतील, तोच शेजारच्या काकू धावत आल्या. "अहो, फोन बघा! फोन बघा तुमचा!"

'टोचणी'चा नवा भाग होता. नाव होतं – शुद्धिपत्रक.

टोच्या एकटाच कॅमेऱ्यासमोर उभा होता. इस्त्री नाही, माईक नाही. "सव्वा महिन्यापूर्वी मी एक तुकडा दाखवला," तो म्हणाला. "त्यातले तीन शब्द मी कापले. मौनीने नाही, कुणीच नाही, मी. खरं काय घडलं ते आता दाखवतो. चूक जिथे दाखवली तिथेच, आणि पूर्ण." मग ती चार मिनिटं. माहीत नाही. वाचतो आणि सांगतो. पाण्याची बाटली. तसं असेल तर.

शेवटी तो परत आला. "नऊ महिन्यांत मी चारशे माणसांना खोटे प्रश्न विचारलेत. त्यांतल्या एकाच माणसाने सरळ सांगितलं की मला माहीत नाही. वर मला पाणीही पाजलं. त्या दिवशी विधेयक मीही वाचलेलं नव्हतं. शेवटचं पान उघडून कलमं मोजली होती, एवढंच. तेव्हा हसायचंच असेल तर कुणाला हसायचं, ते तुम्ही ठरवा."

आईने बाबांकडे पाहिलं, भिंगने आईकडे. बाबा कितीतरी वेळ पडद्याकडे पाहत होते, पडदा काळा झाला तरी.

मग ते उठले. "माझ्या चपला कुठायत?" ते म्हणाले.

आईला या वेळी "काय म्हणालात?" विचारावं लागलं नाही. खालच्या मजल्यापर्यंत ऐकू गेलं होतं.

*

चौक गच्च भरला होता. बाबांना पाहताच लोकांनी वाट करून दिली. ते चबुतऱ्यावर चढले, तेव्हा भिंगने ओठ दाताखाली घट्ट धरले. कुणी हसू नये, एवढंच ती मनात म्हणत होती.

सगळं भांडण नवव्या कलमावरून होतं. 'कामगारांना, शक्य असल्यास, अन्य खात्यांत सामावून घेण्यात येईल.' त्या दोन शब्दांत साडेतीनशे घरं अडकली होती.

बाबांनी हात वर केला. "शक्य असल्यास –"

आवाज फाटला. ते थांबले. खाकरले. आणि मग… मग तो आला, तोच, पस्तीस वर्षं मशीनच्या घरघरीवर मात करणारा.

"शक्य असल्यास!"

"खोडा! खोडा!" चौक उसळला.

जगात कुठल्या मोर्चात असली घोषणा झाली नसेल. ही छापखान्याची माणसं, ती शब्दच खोडायला सांगणार! भिंगचा ऊर भरून आला. हे माझे बाबा, हा माझा छापखाना, असं तिला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि ती ओरडतच होती, "खोडा! खोडा!"

गर्दीच्या कडेला टोच्या उभा होता, माईक खाली सोडून. बाबांना तो दिसला. त्यांनी बोटाने खुणावलं. "ए, इकडे ये."

तो आला. बाबांनी त्याच्या हातातून पिवळा माईक घेतला, उलटसुलट करून पाहिला, आणि त्याच्याच तोंडासमोर धरला. मौनीने कॅमेरा उचलला.

"विधेयक वाचलंस?"

"दोनदा वाचलं, काका."

"नववं कलम?"

त्याने अक्षर न अक्षर म्हणून दाखवलं, स्वल्पविरामांसकट.

"विसावं?"

टोच्याने चबुतऱ्याखाली उभ्या असलेल्या भिंगकडे एकदा पाहिलं. "त्याचं… अजून माहीत नाही, काका."

बाबांच्या मिशीत हसू फुटलं. त्यांनी पिशवीतून बाटली काढून त्याच्या हातात दिली. "पाणी पी. घसा कोरडा पडलाय तुझा." आणि ते घोषणांकडे वळले.

तो भिंगजवळ येऊन उभा राहिला. बाटली दोन्ही हातांत धरून, जणू ती कुणी काढून घेईल.

"वाहिनीवाले काय म्हणाले?" तिने समोर पाहतच विचारलं.

"हा भाग दाखवणार म्हटलं, तेव्हाच नको म्हणाले. त्यांना टोचणारा हवा होता, टोचून घेणारा नको."

"वाईट वाटलं?"

"वाटलं. दोन दिवस." त्याने पाण्याचा घोट घेतला. "पण नऊ महिने भाग करतोय मी, लाल पेन. आईला अभिमानाने दाखवावा असा हा पहिलाच."

तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या चढलेल्या दाताकडे, चुरगळलेल्या शर्टाकडे. मन भरून आलं होतं, लपवण्यात अर्थ नव्हता.

"मलाही अभिमान वाटला," ती म्हणाली. "तुझा."

तिच्या तोंडून 'तुझा' निघालेलं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. टोच्याचे कान लाल झाले. त्याने खिशातून घडी घातलेला कागद काढला. टपरीवरचा तोच कागदी रुमाल, पण आता दुसऱ्या बाजूला शाईने काहीतरी लिहिलेलं.

"प्रूफ तपासून हवंय," तो पुटपुटला. "घाई नाही… म्हणजे, आहे."

तिने उघडलं. वळणदार अक्षरांत लिहिलं होतं –

'कलम विसावं. टोच्याने लाल पेनला रोज चहा पाजावा, खोटा प्रश्न कधी विचारू नये, आणि आयुष्यभर तिच्याच हातून चुका दुरुस्त करून घ्याव्यात.'

त्यातल्या 'आयुष्यभर'वर त्याने स्वतःच आडवी रेघ मारलेली होती.

"हे का खोडलं?"

"धीर झाला नाही," टोच्या म्हणाला. आणि या वेळी तो मुळीच हसत नव्हता.

चबुतऱ्यावरून बाबांचा आवाज घुमत होता. "शक्य असल्यास!" आणि सगळा चौक एका सुरात ओरडत होता, "खोडा! खोडा!" भिंगने केसांतलं लाल पेन काढलं. कागद त्याच्या पाठीवर टेकवला, जीभ दातांत धरली, आणि त्या खोडलेल्या शब्दाखाली, सावकाश, एकेक करत, टिंबं दिली.